मधला कवंडळ

मिरकाब, कुवेत
६ जून २०२५

चि. समिधास अनेक उ. आ.

आज ईदची सुट्टी, म्हणून निवांत लिहितो आहे. फोन तुझी आई स्पीकरवर ठेवते, त्यामुळे खरं बोलता येत नाही. माझ्या रूमवरचा रूपेश सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो. उत्तरही त्याच्याकडेच दे.

फेब्रुवारीत पित्ताच्या खड्यांसाठी अकरा दिवस दवाखान्यात होतो, ते तुम्हाला माहीत आहे. परतलो तर मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या गेटवर माझं कार्ड चालेना. कंपनीने मला ‘पळून गेलेला’ असं सरकारदरबारी लिहून दिलं होतं. ही नोंद आहे तोवर मला काम नाही आणि सरळ मार्गाने घरी येणंही नाही. मी कामगार कार्यालयात तक्रार केली. मग कंपनीची कागदपत्रं बघणारा मंदूब नूरी म्हणाला, सखाराम, तक्रार मागे घे, गणपतीला घरी पाठवतो. गणपतीचं नाव काढलं आणि मी सही करून बसलो. नोंद अजून तशीच आहे.

इथल्या सलवा भागात राहणारे सलीलसाहेब बँकेत आहेत. ते म्हणतात, देशाच्या वरही मानवी हक्कांचं न्यायालय असतं. तू वकिली शिकतेस. तिथे अर्ज होईल का? आईला सांगू नकोस.

तुझा,
बाबा

रत्नागिरी
२० जून २०२५

ती. बाबांस समिधाचा शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. पंचवीस वर्षं पाइप जोडताय, एक सांधा सोडत नाही, आणि सही मात्र न वाचता करता?

कॉलेजच्या विशाखा मॅडमना विचारलं. युरोपचं न्यायालय आहे, पण ते त्यांच्याच सदस्य देशांविरुद्धच्या तक्रारी ऐकतं. अमेरिका खंडात आधी आयोग बघतो, मग प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. आफ्रिकेतही अशी व्यवस्था आहे. अरब देशांची सनद आहे आणि समितीही, पण ती सरकारांनी स्वतः लिहिलेले अहवाल तपासते. तुमच्यासारख्या एकट्या माणसाची तक्रार घेत नाही. आपल्या बाजूला, आशियात, तर असं न्यायालयच नाही. वहीत नकाशा काढून रंगवत गेले, तर तुम्ही आणि आम्ही दोघंही कोऱ्या भागात आलो.

पण एक गोष्ट उपयोगाची आहे. ही सगळी न्यायालयं पहिला प्रश्न हाच विचारतात की, तुमच्या देशातले मार्ग शेवटपर्यंत गेलात का? तुम्ही मध्येच सोडलात, बाबा. तेव्हा वरचं विसरा, तिथलंच पुरं करा. दवाखान्याचं कार्ड शोधा, त्यावर तारखा असतील. पुन्हा तक्रार घेतात का ते विचारा. आणि गणपतीचं नाव कोणी काढलं की पेन खिशात ठेवा.

पथ्य पाळा. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची,
समिधा

मिरकाब
१५ ऑगस्ट २०२५

चि. समिधास अनेक उ. आ.

कार्ड सापडलं. बॅगेत आरतीच्या पुस्तकात ठेवलं होतं. सलीलसाहेब सोबत आले, त्यांनी अरबीत अर्ज लिहवून घेतला. तक्रार घेतली आहे. सुनावणी २७ ऑगस्टला, नेमकी चतुर्थीला.

काल नूरी पुन्हा आला. म्हणाला, आता तरी सोड, आऊटपास काढून देतो, पंचवीस तारखेला घरी असशील. वाईट माणूस नाही तो, स्वतः सहा वर्षं गावी गेलेला नाही. पण आऊटपासवर, म्हणजे नुसत्या देश सोडायच्या कागदावर आलो, तर ‘पळालेला’ हे कायम माझ्या नावापुढे राहणार. तो जिना उतरेपर्यंत मी दारात उभा राहिलो. पेन खिशातच ठेवलं.

आता आईला सांग. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटवी यंदाही मी बांधणार नाही. गेल्या वर्षी तुम्ही तेरडा आणि शेरवडं लावली होती, फोटोत मधला कवंडळ, ते लाल रानफळ, तेवढा खाली आला होता. रूमवर एसीची घरघर चालू असते आणि मला रानातल्या ओल्या पानांचा वास येतो. हे कोणाला सांगू?

तुझा,
बाबा

राजापूर
३ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस शि. सा. न.

सुनावणी ऑक्टोबरवर गेली, ते फोनवर कळलं. पण कार्डावरच्या तारखा त्यांनी लिहून घेतल्या, हे थोडं नाही.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, ते पळालेत असं लिहिणाऱ्याने त्यांना कधी पाहिलेलं नाही. मग म्हणाली, चोरवाटेने येऊ नका म्हणून कळव. आणि आत जाऊन बराच वेळ पाण्याचा नळ चालू ठेवला.

माटवी मी बांधली, स्टुलावर चढून. मधला कवंडळ बांधायला घेतला, तर आईने हातातून काढून घेतला. म्हणाली, ती जागा त्यांच्या हाताची आहे, राहू दे. आलेले सगळे विचारत होते, मध्ये रिकामं का? आई सांगत होती, काम चालू आहे.

काल गौरी-गणपती गेले. माटवीच्या काठ्या मात्र आईने उतरवू दिल्या नाहीत.

माघातही गणपती असतो, बाबा. तोवर तिथलं सगळं पुरं करा, आणि नाव धुऊन, सरळ दाराने या. स्टूल मी माळ्यावर टाकलं आहे.

आईचा नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
समिधा