सात दुकानांचं वकीलपत्र

३ मार्च १९८७

निवडून आलो! एका मताने. मेयरकी वर्षाचीच, पण मेयरकी! सव्वीस वर्षं कोर्टात घसा कोरडा केला, त्याचं हे फळ — की दोन वर्षांच्या नगरसेवकपणाचं, कोण जाणे.

आमच्या अग्रहार पेठेतला नरसिंगराव शिंपी पेढे घेऊन आला. मेयरचा गाऊन तोच शिवणार. टेप काढलीच नाही. "माप पाठ आहे, अण्णा. पोट स्वल्प वाढलंय, अष्टे!" थोडंसं, एवढंच — मराठीत कानडी मिसळल्याशिवाय त्याचं चालत नाही.

६ मार्च

पहिलीच फाईल — अग्रहारातला रस्ता रुंद करणे. आड येतात सात शिंप्यांची दुकानं. पहिलं नरसिंगरावाचं. नऊ वर्षांपूर्वी कॉर्पोरेशनविरुद्ध त्यांना स्टे मिळवून दिला तो मीच! पुढची तारीख सतराला.

९ मार्च

घोटाळा! नगरसेवक झालो तेव्हा सगळ्या केसेस दुसऱ्यांना सोपवल्या. ही तेवढी राहिली. आपल्या मराठी माणसांची, बिनफीची — कपाटातच पडून. वकीलपत्र अजून माझ्या नावावर. कॉर्पोरेशनचा मेयर मी, तिच्याविरुद्धचा वकीलही मी!

कमिशनर हसले. "सुम्मने इरी, सार." नुसते गप्प बसा. पुकाऱ्याला कोणी उभं राहिलं नाही की स्टे उठतोय.

गप्प बसणं मला कधी जमलंय?

१२ मार्च

माझी जुनी ज्युनिअर अंबुजा नवं वकीलपत्र घेऊन नरसिंगरावाकडे गेली. सही नाही केली त्याने. "राहू दे, पोरी," एवढंच.

मला सोडून दुसरा वकील नको! इतका भरवसा.

१४ मार्च

आज दुकानात गेलो — दुसरा वकील बघ, असं तोंडावर सांगायचं ठरवून. त्याने बोलूच दिलं नाही, गाऊन अंगावर चढवला. बाकीचे सहाही जमले. "आपल्यातला पहिला मेयर!" मागून कोणीतरी — "रस्ता मोठा करा, अण्णा, तुमची मिरवणूक जायला हवी!"

टोमणाच तो. मान वर झाली नाही.

घरी बायकोने, वेदवतीने विचारलं, "सांगितलंत?"

"बाही बरोबर बसली," म्हटलं.

१६ मार्च

उभा राहिलो तर मेयरकी जाते, गप्प बसलो तर दुकानं.

१७ मार्च

सकाळी दहा वाजता राजीनामा दिला. मेयरकीचा, नगरसेवकपणाचाही. अकराला पुकारा. जुना काळा कोट घालून उभा राहिलो. जज्जसाहेब चष्म्यावरून बघत — "मेयरसाहेब, तुम्ही कुणाकडून?"

"वादींकडून. मेयर दहापर्यंत होतो."

कोर्टभर हशा. स्टे कायम!

१८ मार्च

नरसिंगराव आला. बस म्हटलं, बसला नाही.

"गावाबाहेर बोगादीत जागा बघून ठेवली होती, अण्णा. सातही जणांनी. म्हणून तर अंबुजाला राहू दे म्हटलं. दुकान काय, कुठेही मांडलं असतं. आपल्यातला मेयर आता कुठून आणू?"

सव्वीस वर्षं प्रत्येक अशिलाला पहिला प्रश्न हाच — तुम्हाला काय हवंय?

त्याला विचारलाच नाही.