आठ कोऱ्या सह्या

४ फेब्रुवारी, मंगळवार
मुलींचं हॉस्टेल, खोली सतरा

तीर्थरूप आत्यास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

आधी ताजी बातमी, मग रडगाणं. धातुचाचणीच्या वर्गातून माझं नाव काढलंय. काल दुपारी नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने यादीवर पट्टी ठेवून तीनदा पाहिलं आणि पक्कं सांगितलं की नाव नाही. त्याजागी ‘खेळातलं नेतृत्व’ आणि ‘वेळेचं नियोजन’ असे दोन विषय माझ्या नावावर चढलेत. मी म्हटलं, हे मी मागितलेच नाहीत. त्याने माझा फॉर्म काढून समोर धरला. खाली सही माझीच, झोकात.

झालं असं, की प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात मैदानी खेळांच्या संघातल्या सगळ्या मुलींकडून आठ सत्रांचे आठ कोरे फॉर्म सही करून घेतात. नोंदणीच्या दिवसांत आम्ही नेमक्या स्पर्धेला बाहेरगावी असतो, म्हणून ही सोय. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, सराव घेणारे सर सांगतील तिथे सही कर, जास्त शहाणपणा नको. मी डाव्या हाताने केळं खात उजव्या हाताने आठही सह्या ठोकल्या. पुढे सल्लागार बाई बसून ते भरतात. नियम असा की खेळाडूने दर सत्रात किमान बारा श्रेयांकांचे विषय घ्यायचे. एक जरी कमी पडला तर त्याच दिवशी संघातून नाव बाद, आणि नावाच्या मागोमाग ही खोली आणि फीची माफीसुद्धा. बाई कॉरिडॉरमध्ये दिसल्या की नमस्काराआधी विचारतात, बारा झाले ना? म्हणून मुली त्यांना बारा-बाई म्हणतात.

धातुचाचणी सोमवारी आणि बुधवारी दोन ते पाच असते, आणि सरांचा सराव चारला. सर म्हणतात, धातू काय पळून जाणार आहेत का, पळायचं तर तुला आहे. सगळे हसले. मीही हसले, त्याचाच आता राग येतोय.

तुला आठवतं ना, बाबांच्या क्रेनचा दोर तुटला तेव्हा मी नववीत होते. कुणाला लागलं नाही, पण दोर का तुटला हे एकालाही सांगता आलं नव्हतं. या वर्गात लोखंडाची कांडी दोन्हीकडून ताणून तोडतात आणि ती का तुटली ते शिकवतात. मी त्याच्यासाठी इथे आलेय गं. पंधराशे मीटर धावते ती त्याचं भाडं म्हणून. म्हणजे, तेवढंच म्हणून नाही, धावायला मला आवडतं. पण तुला कळलं.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतेस, म्हणून लिहितेय. सोबत कॉलेजची नियमपुस्तिका आणि माझ्या सगळ्या सत्रांच्या श्रेयांकांचा कागद आहे. एकतीस वर्षं शाळेची वेळापत्रकं केलीस, तुला असलं वाचायला गोड लागतं. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
टिटवी

---

८ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पुस्तिका दोनदा वाचली. ज्याने लिहिली त्याला स्वल्पविराम देणं जिवावर येतं, पण पान एकोणीसवर त्याने एक कामाची गोष्ट लिहिली आहे आणि ती तुमच्यापैकी कुणी वाचलेली दिसत नाही. खेळाडूने दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा चाळीस टक्के भाग पुरा केला पाहिजे. एकशेवीसपैकी अठ्ठेचाळीस. आणि त्यात फक्त पदवीचे विषय धरतात, इकडचे तिकडचे नाही.

आता हिशेब बघ. पहिल्या वर्षी तुझे सव्वीस झाले. गेल्या सत्रात बारा घेतलेस, त्यातले तीन असेच कसल्याशा हलक्या विषयाचे, म्हणजे धरायचे नऊ. झाले पस्तीस. जूनपर्यंत तुला तेरा हवेत. तुझे बाकीचे विषय नऊचे, धातुचाचणी चारची, बरोबर तेरा, काठोकाठ. धातुचाचणी काढून ते दोन-दोनचे विषय घातले, तरी कागदावर तेराच दिसतात आणि बाईंचे बारा होतात. पण पदवीत धरायचे नऊच. जूनमध्ये तू चव्वेचाळीसवर उभी असशील, आणि ज्या संघासाठी तुला वर्गातून काढलं त्याच संघातून तुला काढतील. याला म्हणतात आगीतून फुफाट्यात, तेही दुसऱ्याने ढकलून.

तेव्हा पहिलं काम, उरलेल्या चार कोऱ्या सह्या परत घे. दुसरं, सराव चारलाच का, हे विचार. कोणी ठरवलं आणि कधी. वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर आदळतात असं लोक म्हणतात. मी सांगते, दोन माणसं आदळतात, आणि त्यातल्या एकाला खुर्ची सोडायची नसते.

मला हे कसं ठाऊक, तेही सांगते. आमच्या शाळेत व्हॉलीबॉलच्या मुली होत्या. त्यांचं विज्ञानाचं प्रात्यक्षिक मी दर वर्षी शेवटच्या तासाला टाकायची, म्हणजे सामन्यांना जाताना ते आपोआप बुडेल आणि कुणाची तक्रार येणार नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. एका मुलीने येऊन विचारलं, बाई, आम्हालाच का? मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू खेळ. एकतीस वर्षांत मला कुणी विचारलेला तो सगळ्यात साधा प्रश्न होता. तू तो विचार, आणि कुणी माझ्यासारखं उत्तर दिलं तर दारातून हलू नकोस.

बाबांपासून लपवणार नाही. त्याला मी आजच लिहिते. ओरडला तर माझ्यावर ओरडू दे, मला तसंही अर्धंच ऐकू येतं.

पोटभर जेव, आणि भांडायला जाताना केस विंचरून जा.
तुझी आत्या

---

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

केस विंचरून गेले होते.

बारा-बाईंनी तुझा हिशेब दोनदा बोटांवर मोजला, चष्मा काढला आणि काचा पुसल्या. त्यांच्याकडे त्र्याण्णव खेळाडू आहेत. वरून त्यांना विचारतात ते फक्त बारा, अठ्ठेचाळीस जूनमध्ये दुसऱ्याच कार्यालयात मोजतात. मग म्हणाल्या की त्या सरांची सोय बघत आल्या, कारण सर रोज येतात आणि मुली कधीच येत नाहीत. मी म्हटलं, आता येतील. मी माझे फॉर्म मागितले. त्यांनी खण उघडला, तर आत सगळ्या संघाच्या कोऱ्या सह्यांचा गठ्ठा, रबरबँड लावून. माझे चार मला दिले. मी तिथेच फाडले. बाई म्हणाल्या, बाहेर फाडले असतेस तरी चाललं असतं.

पण विषय बदलायच्या अर्जावर बाईंबरोबर सरांचीही सही लागते, आणि तीही शेवटच्या तारखेच्या, म्हणजे शुक्रवार २१च्या आत. सरांनी अर्ज न वाचता परत केला. वर सांगितलं की शनिवारच्या शर्यतीत मी नाही, सोळा महिने माझ्यावर खपले त्याचं हे फळ. आत्या, ते खपले हे खरं आहे. धावताना आत वळणारी माझी ढोपरं त्यांनी सरळ केली. म्हणून त्याचं वाईट वाटलं. पण सोळा महिने मीही खपलेच की!

आता गंमत ऐक. सराव चारलाच का, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मैदान राखणाऱ्या काकांना विचारलं. ते पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, सातला कॉलेजची बस सुटायची ना, लांबच्या मुलींसाठी. त्याआधी तीन तास हवेत म्हणून चार. मी विचारलं, कुठली बस? ते म्हणाले, बंद झाली, नऊ वर्षं झाली. म्हणजे नऊ वर्षं सगळा संघ एका नसलेल्या बसच्या वेळेवर धावतोय. मैदानाचे दिवे नऊपर्यंत असतात. सोम-बुध सव्वापाचला सुरू केलं तर कुणाचंही काही अडत नाही. हे मी सरांना लिहून दिलंय. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

नाव नसताना आज धातुचाचणीला जाऊन शेवटच्या बाकावर बसले. प्रयोगशाळेच्या सरांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रयोगाच्या वेळी डोळ्यांच्या बचावासाठी लावायचा चष्मा आणून दिला. म्हणाले, २१ला नाव आलं नाही तर चष्मा परत करायचा.

ताठ मानेने, पण जरा घाबरलेली,
टिटवी

---

१३ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्या भावाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोरीला फूस लावायचा धंदा बंद कर. आपल्यासारख्यांच्या घरातून कॉलेजात फुकट शिकायला कोण जातं? सरांनी हात धरून नेलं म्हणून ती तिथे आहे. मोठ्या माणसांशी पंगा घेऊन उद्या ट्रंक घेऊन दारात उभी राहिली तर तू वेळापत्रक करणार आहेस का तिचं? आठ काय, अठरा सह्या मागितल्या तरी द्यायच्या असतात. विश्वास म्हणून काही चीज आहे.

रागावू नकोस, पण रागावलीस तरी लिहिलेलं खोडत नाही. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये.

तुझा,
बाळ

---

१६ फेब्रुवारी

चि. बाळास आशीर्वाद.

वय एक्कावन्न झालं तरी बाळच राहिलास, नाव ठेवणाऱ्याला दूरदृष्टी होती.

एकच विचारते. तू तेवीस वर्षं क्रेन चालवतोस. वजनाची चिठ्ठी वाचल्याशिवाय आकडा लावू देत नाहीस. गोदीचा मोठा साहेब खाली उभा राहून घाई करत होता तेव्हा तू केबिनमधून उतरलास, चिठ्ठी मागितलीस आणि ती येईपर्यंत डबा उघडून बसलास. हे तूच मला चार वेळा सांगितलंस, दर वेळी साहेब जरा जास्त लाल होतो. त्या साहेबावर तुझा विश्वास नव्हता का? होता. तरी चिठ्ठी वाचलीस, कारण खाली माणसं होती.

मग आपल्या पोरीच्या चार वर्षांची चिठ्ठी कोरी कशी दिलीस? आणि तिलाही तेच शिकवलंस?

मी तुझ्या पोरीला फूस लावत नाही. ती तुझ्यावर गेली आहे, एवढंच तुला कळवते.

कानाच्या डॉक्टरकडे जाणार नाही. सध्या जे ऐकू येतं तेच पुरतंय.
ताई

---

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ती. आत्यास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

पाचला दहा कमी असताना अर्ज खिडकीत गेला. कारकुनाने ‘मिळाला’ असा शिक्का मारून पोच दिली, ती माझ्या उशीखाली आहे. बाईंची सही आहे. सरांची नाही. या वेळी कोरी जागा त्यांची.

मागचं सांगते. शनिवारची शर्यत मी पायऱ्यांवर बसून पाहिली. सवयीने घड्याळ लावलं आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहिली. आमचा संघ चौथा आला. सर माझ्याकडे न बघता बाजूला येऊन उभे राहिले आणि विचारलं की वेळा घेतल्या आहेत का. मी कागद दिला. त्यांनी घेतला. धन्यवाद वगैरे नाही, पण खिशात ठेवताना माझी ती सव्वापाचवाली घडी आधी बाहेर काढली आणि दोन्ही नीट एकत्र ठेवलं. त्यावरून काय समजायचं ते मी समजत नाही, तूही रचू नकोस.

सोमवारी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर मी मुलींना पान एकोणीस वाचून दाखवलं. प्रत्येकीने आपापला हिशेब केला. अकराजणींपैकी सातजणी जूनमध्ये बुडणार होत्या. आमची भालाफेकवाली तर एकतीसवरच होती, ती म्हणाली की भाला आता कुणावर फेकायचा ते तरी सांगा. मंगळवारी दहाजणी बारा-बाईंच्या दारात रांगेने उभ्या. बाईंनी रबरबँड काढला आणि जिचे तिला फॉर्म वाटले. अकरावी म्हणाली, मी नंतर घेईन, मला संघनायक व्हायचंय. तिला कुणी काही बोललं नाही, मी सोडून.

बाबांचं सरांना पत्र आलं. चार ओळी. सरांचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही, मुलीने कोऱ्या सह्या दिल्या ती चूक तिची नसून माझी, यापुढे ती वाचूनच सही करेल, आणि समितीपुढे मी स्वतः हजर राहीन. एक प्रत मला, खाली तारीख, वेळ आणि बाबांची ती क्रेनच्या वहीत करतात तशी पूर्ण नावाची सही. आत्या, तू त्यांना काय लिहिलंस? मला सांगू नकोस, पण जपून ठेव.

हो, समिती. सरांच्या सहीशिवाय आलेला अर्ज तिघांच्या समितीपुढे जातो, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं आणि मी बाबांना फोनवर. सोमवारी अकराला बैठक आहे, हे आत्ताच बाईंनी खोलीवर येऊन सांगितलं. सर त्यांची बाजू मांडतील. बाई स्वतःची चूक लिहून देणार आहेत, तीही त्र्याण्णव जणांसाठी. समिती हो म्हणाली तर मी वर्गात आणि संघातही. नाही म्हणाली, तर धातुचाचणी गेली आणि जूनमध्ये संघही. मी हलक्या विषयांना बसणार नाही, हे तोंडावर सांगणार. मग माझे नऊच उरतात, म्हणजे बारा-बाईंचे बारा नाहीत, आणि त्याच संध्याकाळी खोली खाली करायची. दोन्ही उत्तरांची तयारी केली आहे, ट्रंकेला कुलूपसुद्धा आणलंय.

बाबांना लगेच फोन केला, ते रविवारी संध्याकाळी पोचतात. हेल्मेट आणू नका म्हटलंय, आणतील.

तू आखून पाठवलेला तक्ता भिंतीला लावलाय. सोमवारच्या रकान्यात मी आत्ताच अकराला समिती लिहिली. दोनला प्रयोगशाळा, माझी कांडी नऊ नंबरची, ती त्या दिवशी ताणायची आहे. सव्वापाचला मैदान. समितीने काहीही म्हटलं तरी दोन वाजता मी चष्मा लावून शेवटच्या बाकावर असेन. उठवायचं असेल तर त्यांनी तिथे येऊन, सगळ्यांसमोर, का ते सांगून उठवावं.

आशीर्वाद सोमवारी अकराच्या आत पोचतील असे पाठव, उशिरा आले तर जूनला वापरीन.

तुझी,
टिटवी

ता. क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी पूर्ण वाचलं. मगच सही केली.