हत्तीण खिडकीशी आली तेव्हा

प्रिय आई,

तुला आणि पोटातल्या बाळाला एकेक पापा. आम्ही तिघं मजेत आहोत, तेव्हा हे पडूनच वाच, उठू नकोस. जेवण जातंय ना? मावशी फार बोलून डोकं उठवत नाही ना?

काल जंगलात आपली कॅरव्हॅन ओढ्याच्या चिखलात रुतली. बाबा उतरणार तेवढ्यात झाडीतून हत्तीण आली, मागे पिल्लू. बाबा पुटपुटले, "हूं की चूं करायचं नाही." छोटीनं भोकाड पसरायच्या आत मी तिला पोटाशी धरलं. हत्तीण खिडकीला इतकी खेटली की तिच्या श्वासानं काच धुरकट झाली. बाबांचा हातही मी घट्ट धरला.

तेवढ्यात पिल्लू पाण्यात धपकन पडलं. ती धावली, त्याला सोंडेनं उठवलं आणि पलीकडे घेऊन गेली.

बाबा म्हणाले, "आईला कळवू नकोस, उगाच घोर लागेल."

छोटी म्हणाली, "त्याची आई लगेच आली. आपली कुठंय?"

चिखलातून गाडी निघाल्यावर बाबांनी ती घराच्या दिशेनं वळवली. पुढे बघायचे वाघ राहिले, पण मी अजिबात रडले नाही.

तुझ्या कुशीत यायला निघालेली,
तुझी थोरली