जिन्यावरून पडणारे अण्णा

तीर्थरूप आईस मनस्विनीचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून संभाजीनगरहून लिहितेय. तुझा गुडघा कसा आहे?

अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पडायच्या भीतीनं ते पाऊलच टाकेनात. काल मी मोबाईलवर त्यांनी तरुणपणी काम केलेला हेरगिरीचा विनोदी सिनेमा लावला. हेराच्या छत्रीतून धूर निघतो आणि पहारेकरी झालेले अण्णा जिन्यावरून गडगडत खाली येतात.

सिस्टर हसून म्हणाली, "आजोबा, मग उठलात कसे?"

"उठावंच लागायचं. लगेच दुसरी मिशी लावून दुसरा पहारेकरी म्हणून परत पडायचं असायचं."

मग त्यांनीच वॉकर मागितला आणि दारापर्यंत चालत गेले. "मी भ्यालो होतो हे यमुनेला सांगू नको," म्हणाले, तरी तुला सांगतेय.

घरी आल्यावर त्यांचा हात धर, पण आधार देतेयस असं दाखवू नकोस.

तुझी,
मनू