स्टॅम्पवरचं माझं अक्षर

आप्पा, परवा दुपारी माझं बाराव्या वर्षीचं अक्षर माझ्याच टेबलावर येऊन पडलं. लॅमिनेशन केलेलं. कोर्टाच्या आवारात मोफत कायदेशीर मदतीची एक खोली आहे, तिथं मी आठवड्यातले चार दिवस बसते. वकिलीचं शेवटचं वर्ष चालू आहे, म्हणजे मी अजून नुसती अर्ज भरून देणारी, कुणी कुठल्या खोलीत जायचं ते सांगणारी. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि डॉक्टर होणार होते, कारण तसं तुम्ही ठरवलं होतं.

समोर एक बाई होती, सदतीस-अडतीसची. पैंजणाला घुंगरू जोडून जोडून बोटांची टोकं काळी पडलेली. म्हणजे चांदीकामाच्या हुपरीची, नाहीतर तिकडचीच कुठली तरी, हे मी ती बोलायच्या आधीच ओळखलं. डाव्या बाजूनं बोललं की तिला ऐकू येत नव्हतं, ती मान वळवून उजवा कान पुढं करायची. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, स्टॅम्पवर लिहून दिलेलं मोडलं तर जेल हुती व्हय?" नवरा मारतो हे तिनं सांगितलं नाही. घरातनं बाहेर काढलंय हे सांगितलं नाही. आधी जेलचं विचारलं. मग पिशवीतनं तो कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"मी खाली सही करणार, माझ्या राजीखुशीने लिहून देते की." 'ख' बघितला आणि कागद ओळखला. तुमच्यासारखा वळणदार काढायला जायचे मी तो, आणि शेवटी त्याची शेपटी लांबायची. पुढचं वाचायची गरजच नव्हती, पाठ होतं. "यापुढे मी नवऱ्याविरुद्ध कोठेही तक्रार करणार नाही. केल्यास माझा घरावर व लेकरावर कसलाही हक्क राहणार नाही." आणि खाली, साक्षीदारांच्या वर, तुमची सही. तिच्याखाली तुम्ही न चुकता मारायचा ती आडवी रेघ.

मी तिला सांगितलं की, या कागदाला काडीची किंमत नाही. मार खाल्ला तर तक्रार करायची नाही, असं कुणी लिहून घेऊच शकत नाही. स्टॅम्पवर नाही, सोन्याच्या पत्र्यावर नाही. पोरगी अशी कागदावर सोडून देता येत नाही. वकील मिळेल, बाईमाणसाला फुकटच मिळतो, घरात कमाई किती येते ते कुणी विचारत नाही. मी हे रोज सांगते, तोंडपाठ झालंय. ती ऐकत होती. मग अगदी हळू म्हणाली, "मग मी पंधरा वरसं काय केलं?"

याचं उत्तर तुम्ही द्या, आप्पा.

तुम्ही काय केलंत ते मला चांगलं आठवतंय. रविवार आहे. आपल्या सोप्यात चार माणसं बसलीत, नेहमीसारखी भांडण मिटवायला. नवरा, त्याचा चुलता, तिचा बाप आणि तुम्ही. ती दाराशी उभी, काखेत सहा महिन्यांची पोरगी, कानाला फडकं बांधलेलं. मी उंबऱ्यात वह्या-दप्तर घेऊन. चुलता म्हणतोय, "मास्तर, घर मोडू नये एवढं बगा." तुम्ही म्हणताय, "घर मोडायला माझ्या दारात कोण येत न्हाय." सगळी हसतात. तुम्ही पण. तिच्या बापाला पण हसावं लागतं. मग तुम्ही तिला प्रश्न विचारता. अख्ख्या दुपारी एकच. "कितवी शिकलीस?" ती म्हणते, सातवी. "मग सही येती," असं म्हणून तुम्ही कच्ची वही उघडता.

आई आतनं चहा घेऊन आली होती. कपबशा ठेवता ठेवता म्हणाली, "तिला इचारलासा का, जायचं हाय का न्हाय ते?" तुम्ही वहीतनं मान वर केली नाही. "भाकरी करपाय लागलीया बघ," म्हणालात. तव्यावर भाकरी नव्हतीच. आई आत गेली आणि तिनं भाकऱ्या करायला घेतल्या. अजून सांगते ती हे, हसत हसत सांगते, आणि मला ते हसणं ऐकवत नाही.

वहीत तुम्ही सगळं लिहून घेत होता, पद्धतशीर, दोन्ही बाजूंचं. नवऱ्याला विचारलंत, मारलंस का? तो म्हणाला, "मारलं की. रागात दोन दिल्या, त्यात कानावर बसली एक." मीठ जास्त झालं म्हणावं तसं म्हणाला. तुम्ही लिहिलंत, "रागाच्या भरात माझ्याकडून मारहाण झाली व तिच्या कानास इजा झाली, हे मला मान्य आहे." चुलता पुढं सरकला. "ते कशाला मास्तर? पोराची अब्रू हाय. उद्या कुटं कागद दाखवायला लागला तर?" तुम्ही जरा थांबलात. मग खिशातलं लाल पेन काढलंत. वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका काढायचा तेच पेन. आणि वही, स्टॅम्प पेपर माझ्याकडं सरकवलात. "शुद्ध काढ. शाई सांडू नको."

मी काढलं. चुलत्याला एसटी गाठायची होती, त्यानं सगळ्यांना भराभर सह्या करायला लावल्या. कुणी वाचलं नाही. तिच्या बापानं वाचायला म्हणून चष्मा काढला, तर चुलता म्हणाला, "मास्तरांच्या घरचा कागद हाय पावणं, त्यात काय वाचायचं?" त्यानं चष्मा परत खिशात घातला. संध्याकाळी तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, पेटीत ठेवलेलं, नवं. म्हणालात, "आता तुझं अक्षर कागदाच्या लायकीचं झालं." मी आठवडाभर पेन उशाशी घेऊन झोपले. आप्पा, मला किती अभिमान वाटला होता ते आठवलं की आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा कायदा येऊन चार वर्षं झाली होती. चार. घरात मारहाण झाली तर बाईनं कुठं जायचं, काय मागायचं, तिला घरातनं काढता येत नाही, लेकरू तिच्याकडं कसं राहील, सगळं त्यात लिहिलेलं होतं. तुम्ही पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. तुम्हाला माहीत नव्हतं? की माहीत होतं आणि ते तुमच्या सोप्यापर्यंत यायला नको होतं? दरवर्षी तुमच्या श्राद्धाला लोक येतात, जेवतात, हात पुसत म्हणतात, मास्तरांनी किती संसार वाचवले. फुकट वाचवले, चहासुद्धा स्वतःचा पाजला. मी वाढत असते आणि मान हलवते. बायकांना कागदात गुंडाळून परत पाठवलं, असं कुणी म्हणत नाही. तिला परत पाठवल्यावर त्यानं दुसऱ्याच महिन्यात मारलं. आणि प्रत्येक वेळी भिंतीतल्या कपाटातनं कागद काढून दाखवला. "मास्तरांनी लिवलंय. जा कुटं जातीस ते. पोरगी हितंच ऱ्हाणार." ती थांबली. कागदाला नाही भ्याली, आप्पा. तुम्हाला भ्याली. मास्तरांनी लिहिलंय म्हणजे कायदाच असणार.

गेल्या महिन्यात त्यानं पोरीवर हात उगारला. ही मध्ये पडली, तर हिला बाहेर काढलं आणि पोरीला स्वतःच्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवलं. पोरगी दहावीत आहे. फोन काढून घेतलाय. हिला दारात उभं करत नाहीत. त्यानं कागदाचं लॅमिनेशन करून एक प्रत हिच्या अंगावर फेकली, "वाच, पोरगी कुणाची हाय ते," म्हणून. ती आता भावाकडं पेठ वडगावला असते आणि रोज एसटीनं पोरीच्या शाळेच्या गेटापर्यंत जाते, लांबनं बघून येते.

आमच्या वकील मॅडमनी कागद वाचला आणि दुसऱ्या परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं. "ही ओळ बघितलीस? मारहाण मान्य, कानाची इजा मान्य, खाली नवऱ्याची सही. पंधरा वर्षांचा पुरावा हा गडी स्वतःच लॅमिनेट करून नाचवतोय. नाचू दे. कोर्टात तोच दाखल करील बघ." त्या मोठ्यानं हसल्या. मी म्हटलं, मॅडम, हे अक्षर माझं आहे. त्यांचं हसू थांबलं. मग म्हणाल्या, "मग सोमवारी कोर्टात तुला पण सांगायला लागेल. चालेल?"

काल घरी गेले. आईनं माळ्यावरनं कच्च्या वह्यांचं गाठोडं काढून दिलं, काही न विचारता. पान उलटलं की एक बाई. पान उलटलं की एक बाई. सगळ्या राजीखुशीनं. आपलं पान सापडलं. त्या वाक्यावर तुमची लाल रेघ, पट्टीनं मारावी इतकी सरळ, आणि शेजारी तुमच्या अक्षरात "नको". आई माझ्या खांद्यावरनं बघत होती. म्हणाली, "घिऊन जा. त्यांचं नाव जाईल म्हणून थांबू नगंस. माझ्या भाकरीचं बी तिकडं सांग."

आज ती आली होती. मी तिला बाकावर घेऊन बसले, उजव्या कानाच्या बाजूनं, आणि सांगितलं की मी त्या मास्तरांची पोरगी, हे मी लिहिलंय. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "उंबऱ्यात बसून लिवत हुतीस ती? तू व्हय?" म्हटलं, व्हय. "मला वाटलंतं, पोरगी तरी मोठ्यानं वाचून दावंल." तिनं पिशवीतनं डबा काढला, चटणी-भाकरी, अर्धी मला दिली. मी खाल्ली. मग तिनं प्लॅस्टिकवरनं त्या ओळीवर काळं बोट फिरवलं. "चुलता नगं म्हणत हुता की, मी ऐकलंतं. तरीबी मास्तरांनी एवढं एक खरं ठिवलं. आज तेच माझ्या पोरीच्या कामाला आलं. एवढं उपकार हाईत बघ त्यांचं."

तुम्ही ठेवलं नव्हतंत. मी ठेवलं, आणि तेही धाडसानं नाही. मला भूक लागली होती, आतनं भाकरीचा वास येत होता, लवकर उरकायचं म्हणून मी लाल रेघेकडं बघितलंच नाही. तिच्या पोरीचं सगळं आता एका बारा वर्षांच्या मुलीच्या निष्काळजीपणावर उभं आहे, आणि नाव तुमचं होतंय. मेल्यानंतरही तुमचंच.

सोमवारी विचारलं तर मी सगळं सांगणार आहे, लाल रेघेसकट. सही नवऱ्याची आहे, रेघेचं सांगितलं तरी तिचं काही बिघडत नाही, असं मॅडम म्हणतात. हे मी त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, तुमच्याच पेनानं, म्हणजे वही द्यायच्या आधी ही पानं फाडून ठेवावी लागतील. तुम्हाला पाठवायचा तर प्रश्नच नाही.

पण एक राहिलं. ती उपकार म्हणाली तेव्हा वही माझ्या पिशवीत होती, हाताच्या अंतरावर. मी ती काढली नाही. बराच वेळ ती तुमच्याबद्दल चांगलं बोलत राहिली आणि मी तिला बोलू दिलं. मला बरं वाटत होतं.