पितरपाटातला कोट

अण्णा,

पितरपाट लागला की मी अजून कापड घेऊन शहागंजात मास्टरकडे जातो. पितरांच्या या पंधरवड्यात कुणी नवं घेत नाही, शिवायला टाकत नाही, त्यामुळे शिंप्याकडे ढीग नसतो. तुम्ही हेच हेरलं होतं. पैठणहून सकाळच्या एसटीनं आपण यायचो, तुमच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड. निघताना आई दरवर्षी चिडलेली. पितरं दारात आलीत आणि हे मापं देत फिरतायत, असं ती चुलीकडे बघून म्हणायची. एकदाच तुम्ही उत्तर दिलंत. "दिवाळीला त्याच्यापुढं ढीग असतो. तवा तो माझा सदरा शिवत नाय, ढीग शिवतो." सदरा नवरात्रात तयार व्हायचा, ट्रंकेत पडून राहायचा आणि दिवाळीच्या पहाटे अंगावर यायचा. तिचंही मोडलं नाही, तुमचंही.

दुकानात तुम्ही आरशासमोर उभे राहत नव्हतात. नवा सदरा घालून आधी फरशीवर मांडी घालून बसायचात. मग उठून उजवा हात वर न्यायचात, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिल्यासारखा. खोचलेला सदरा सुटला, काखेत ताणला, तर परत. मास्टर म्हणायचे, "गुरुजी, सदरे का इम्तिहान हो गया, अब पास कर दो." एकदाच कोट शिवलात, तेव्हा शिवणीत दोन बोटं कापड आत ठेवायला सांगितलंत, बाह्यांत त्याहून जास्त. तुमची उंची काही वाढायची नव्हती. मास्टरांनी विचारलं, तर म्हणालात, कापलं की गेलं, दुमडून ठेवा.

कॉलेजात असताना मी औरंगपुऱ्यातून एक तयार शर्ट आणला, चमकदार, वर्गात बऱ्याच जणांकडे होता तसा. तुम्ही तो उलटा केलात, शिवणीवरून अंगठा फिरवलात आणि परत माझ्या हातात दिलात. "आत कायच नाय याच्या." रागावला नाहीत. थोड्याच धुण्यांत त्याची बाजूची शिवण पोटावर आली. आज माझ्या कपाटात कपडे थोडे आहेत आणि कुठला कधी शिवला, कुठं उसवला होता, हे मला ठाऊक असतं. पांढरे, फिके निळे, एक विटकरी. कॉलर झिजली की उलटून घेतो. ऑफिसात चेष्टा होते, विटकरी शर्ट दिसला म्हणजे आज गुरुवार. मला ती आवडते. सकाळी कपाटासमोर मी विचार करत उभा राहत नाही.

तुम्ही न पाहिलेला तुमचा नातू आता पुण्याला असतो. त्याच्या दारात सारखी कपड्यांची पार्सलं येतात, आणि मागच्या दिवाळीतला शर्ट या दिवाळीला त्याच्याकडे नसतो. मार्गशीर्षात त्याचं लग्न आहे. त्यानं मोबाइलवरून सूट मागवला, इथं आणला, घालून दाखवला. खाली बसला तर पाठीत ताणला. मी म्हणालो, शिवून घे, आत्ताच टाकू, मास्टर मोकळे आहेत. तुमची सून हातातलं काम ठेवून उभी राहिली. "तुमचे रोजचे शर्ट मी कधी अडवले नाहीत," मला म्हणाली, "पण लग्नाचं कापड पितरपाटात टाकायचं नाही." नवरीकडच्यांना तोंड तिला द्यायचं होतं. मुलगा म्हणाला, "पप्पा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. घालायचा आणि सोडून द्यायचा."

नेमकं तेच मला नको होतं. लग्नाच्या दिवशी त्याच्या अंगावर टाकून द्यायची वस्तू असू नये. आणि हे त्याच्यावर लादायचंही नव्हतं, कारण लादलेला कपडाही माणूस एकदाच घालतो. मी तुमचा कोट काढला. राखी रंगाचं गरम कापड, तुम्ही झेंडावंदनाला आणि थंडीतल्या लग्नांना घातलेलं. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तुमच्या सुनेनं तो गच्चीवर झटकला, उन्हात धरून बघितला. "हा तर जुनाच आहे. याला कसला आलाय पितरपाट," म्हणाली. मुलगा म्हणाला, घालून बघतो, पण हो म्हटलेलं नाही.

आता दुकानात मास्टरांचा मुलगा बसतो. त्याचीही दाढी पांढरी झाली आहे, आणि आम्ही त्यालाही मास्टरच म्हणतो. त्यानं बाही उसवली आणि हसला. "अब्बा ने अंदर भोत कपडा छोडेला है." नातू तुमच्याहून वीतभर उंच आहे. आठवड्यानं तो कोट घालून पाहायला आला. खांदे बसले. बाह्या मनगटापर्यंत आल्या, पण जिथं कापड दुमडलेलं होतं तिथं ऊन कधी लागलंच नव्हतं. मनगटाजवळ दोन बोटांचा पट्टा गडद राखी, वरची बाही विटलेली. मास्टर म्हणाले, वरून पट्टी लावली की झाकेल. मुलगा बाहीकडे बघत राहिला. मी बोललो असतो, तर त्यानं माझ्यासाठी हो म्हटलं असतं.

"बैठ के देखो," मास्टर त्याला म्हणाले. "तुम्हारे दादा बैठते थे." तो फरशीवर मांडी घालून बसला. मग उठला आणि मास्टरांनी सांगितल्याप्रमाणे हात वर नेला, अगदी वर, तुमचा कधी पोचला नसता तिथपर्यंत. पाठीत कुठं ताण नव्हता. हात खाली आणून त्यानं पुन्हा एकदा बाही पाहिली. "पट्टी नको, मास्टर. दिसू दे." मग कोट न काढताच मोबाइल काढला आणि तो सूट परत न्यायला माणूस कधी येईल, ते बघू लागला.

पितरपाटात शिंपी मोकळा असतो म्हणून मी तेव्हा जातो, असं सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे. पितर येतात असं मी मानत नाही. तुम्हीही मानत नव्हतात. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. मास्टर टेबलावर कापड पसरतात तेव्हा मी थोडा बाजूला सरकतो. शेजारी एका माणसाला उभं राहता येईल, इतका.