गाठ टीबीची निघाली आणि पेला मोरीत गेला

मंगळवार, दिवेलागणीला

अंगाची नुसती लाही होतेय. ह्यांच्या डोक्यातली गाठ कॅन्सरचीच, असं सगळे महिनाभर धरून चालले होते. तेव्हा सासूबाई ह्यांच्या पेल्यातलं उरलेलं पाणीसुद्धा पीत होत्या.

आज नगरला एमआरआयबरोबर स्पेक्ट्रोस्कोपी केली. डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं. म्हणाले, "गाठीत कोणती रसायनं आहेत ते यात कळतं. ही टीबीची गाठ दिसतेय, गोळ्यांनी जाईल. छाती साफ आहे, घरात कुणाला लागणार नाही." मी तिथंच रडले, आनंदानं.

काष्टीला घरी येऊन हे सगळं सांगितलं, तर सासूबाईंनी काय करावं? ह्यांचा पेला उचलून मोरीत ठेवला! वर मला म्हणतात, "टीबी हाय म्हनल्यावर येगळं ठेवाया लागंल. आन् कुनी इचारलं तर कॅन्सरच सांग."

मरणारा मुलगा चालतो, बरा होणारा नाही? आईच ना ही? हे नुसते मोरीकडं बघत बसले.

मी पेला घासला, चहा ओतला, सासूबाईंसमोर अर्धा प्यायले, उरलेला ह्यांना दिला. आता कुणीही विचारू दे, मी दारच्या ओट्यावर उभी राहून सांगणार: टीबी आहे. आणि ते जगणार आहेत.